अभिजातवाद: संयम की धाक?

रेघोटी:
अभिजातवाद, म्हणजे ग्रीक-रोमन नमुने, नियम आणि संयम मानणारी कलेतली धारा (क्लासिसिझम), म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी थंड, कोरडं, ग्रीकांची नक्कल केलेलं येतं. मला हे अजिबात पटत नाही. फ्रेंच नाटककार रासीनचं 'फेद्र' (१६७७) हे नाटक घ्या. फेद्रचं सावत्र मुलावर, हिपोलितवर, जडलेलं प्रेम, खोटा आळ, विष. तरी हिपोलितचा भीषण मृत्यू रंगमंचावर दिसत नाही, फक्त ऐकू येतो, आणि तोही मोजूनमापून बारा अक्षरांच्या ओळींत. काठ पक्के म्हणूनच पाण्याला जोर आहे.

शंकासुर:
काठ कोणी बांधले तेही सांगा की! १६३७ मध्ये फ्रेंच नाटककार कॉर्नेयचं 'ल सिद' हे नाटक तुफान चाललं. प्रेक्षक खूश. मग राजाचा मुख्यमंत्री रिशल्यू याच्या इच्छेने, जेमतेम दोन वर्षांची फ्रेंच अकादमी (भाषा-साहित्याची सरकारमान्य संस्था) त्याचा पंचनामा करायला बसली. एका दिवसात एवढ्या घडामोडी कशा? बापाला मारणाऱ्याशी मुलगी लग्न कसं करेल? वर सगळं ॲरिस्टॉटलच्या नावावर! त्याचा आग्रह होता कथानकाच्या एकतेचा. काळाबद्दल ओझरता उल्लेख, स्थळाबद्दल अवाक्षर नाही. एकच कथानक, एकच दिवस, एकच स्थळ, हे तीन एकतांचं जोखड तयार केलं सोळाव्या शतकातल्या इटालियन भाष्यकारांनी.

रेघोटी:
तो पंचनामा आज कोण वाचतं? आणि कॉर्नेयने पुढे 'ओरास' (१६४०) बऱ्याच अंशी नियम सांभाळूनच लिहिलं.

शंकासुर:
मधली दोन-तीन वर्षं गप्प बसून. यालाच धाक म्हणतात.

तिसरी घंटा:
नाटकातून जरा बाहेर या. जर्मन कला-अभ्यासक विंकेलमानने १७५५ मध्ये ग्रीक कलेचं मर्म सांगितलं: उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता. गंमत म्हणजे हा गृहस्थ ग्रीसला कधीच गेला नाही. ज्या पांढऱ्याशुभ्र संगमरवरावर पुढच्या पिढ्या भाळल्या, तो मुळात रंगवलेला असे. रंग काळाने उडाले. म्हणजे आदर्शच अर्धा कल्पित. तरी त्यातून फ्रेंच चित्रकार दाविदची चित्रं आली, आणि फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३ मध्ये, राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत देणारा हाच दाविद. तेव्हा अभिजातवाद म्हणजे दरबारी हुजरेगिरी, हे समीकरण काही जमत नाही.

शंकासुर:
अहो, तोच पुढे नेपोलियनचा प्रमुख चित्रकार झाला! राजा, क्रांती, सम्राट, तिघांनाही चालणारी शैली.

रेघोटी:
मग खून झालेला क्रांतिकारक मारा दाखवणारं दाविदचं 'माराचा मृत्यू' बघा. वरचं जवळजवळ अर्धं चित्र नुसती रिकामी भिंत. ती कोणत्या सत्तेने सांगितली होती?

शंकासुर:
चित्राची मागणी कन्व्हेन्शनच्या, म्हणजे क्रांतिकाळातल्या संसदेच्या, सभेतच झाली होती. भिंत तेवढी तुमची.