मदत हवी आहे: औषध खरंच तुटतंय की चिपच ते पिऊन टाकतेय?

नमस्कार मंडळी,

औषधांचं सांडपाणी शुद्ध करायला स्वस्तातली, क्लीनरूमशिवाय (धूळमुक्त प्रयोगशाळेशिवाय) करता येईल अशी मायक्रोफ्लुइडिक चिप, म्हणजे केसाएवढ्या बारीक वाटांतून पाणी नेणारी पट्टी, बनवायचा प्रयत्न मी चार महिने करतेय. गेल्या आठवड्यात जे दिसलं त्यामुळे माझाच माझ्या आकड्यांवर विश्वास उरला नाही. पॉलिमर किंवा फोटोकॅटॅलिसिसमध्ये (प्रकाशाने जागा होणाऱ्या कॅटॅलिस्टने रेणू तोडणं) कुणी काम केलं असेल तर कृपया मार्गदर्शन करा.

मांडणी साधी आहे. काचेच्या स्लाइडवर पी-२५ टायटॅनियम डायऑक्साइडचा (हाच कॅटॅलिस्ट) थर, ४५० अंश सेल्सिअसला भाजून पक्का केलेला. त्यावर पीडीएमएसचं (एक मऊ, पारदर्शक सिलिकॉन रबर) झाकण, साचा कापलेल्या टेपचा. आत १ मिमी रुंद, ०.१ मिमी उंच, ५० सेंमी लांब अशी नागमोडी वाट, म्हणजे जेमतेम ५० मायक्रोलिटर पाणी मावतं. सिरिंज पंप मिनिटाला ५० मायक्रोलिटरवर, खालून ३६५ नॅनोमीटरचे (अतिनील प्रकाशाचे) एलईडी. औषध कार्बामाझेपिन (अपस्माराचं), लिटरला १० मिलिग्रॅम. नेहमीच्या जैविक प्रक्रियेतून ते जवळपास जसंच्या तसं बाहेर पडतं, म्हणून मुद्दाम तेच निवडलं.

औषध सोडलं त्या पहिल्याच दिवशी एचपीएलसीवर (द्रावणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) ६० टक्के घट दिसली. फार आनंद झाला होता. मग एलईडी बंद ठेवून तेच द्रावण सोडलं, तर पहिल्या अर्ध्या तासात ३५ टक्के घट! कॅटॅलिस्ट न लावलेल्या चिपमध्येही तेच. शेवटी नुसतं डिस्टिल्ड वॉटर सोडून पाहिलं. बाहेर आलेल्या पाण्याचा नमुना लावला आणि पडद्यावर त्याच वेळेला, त्याच जागी कार्बामाझेपिनचा पीक (आलेखावरचा उंचवटा) हळूहळू वर आला. म्हणजे औषध तुटलं नव्हतं, झाकणात मुरून बसलं होतं.

पाण्यापेक्षा तेलकट माध्यमात रमणारे छोटे रेणू पीडीएमएस शोषतं, हे वाचलं होतं. पण सुरुवातीचे दोन महिने मी मेथिलीन ब्लूवर काढले. तो विद्युतभारित रंग, पीडीएमएसच्या आत फारसा शिरत नाही, त्यामुळे शंकाच आली नाही. रंगावर चाचणी घेऊन औषधाबद्दल बोलू नये, हे आता पटलंय.

म्हणून पीडीएमएस काढून टाकलं. आता दोन काचा आणि मध्ये वाट कापलेली दुहेरी चिकटपट्टी. साधं अ‍ॅक्रिलिक ३६५ नॅनोमीटरचा बराच प्रकाश अडवतं, म्हणून दोन्हीकडे काचच. पण वीस मिनिटांत दुसऱ्या वळणावर बुडबुडा अडकतो. एलईडीच्या उष्णतेने पाणी तापतं आणि विरघळलेली हवा सुटते, असा माझा अंदाज. पाण्यातली हवा आधीच काढली तर बुडबुडे थांबतील, पण ऑक्सिजनही जाईल, आणि प्रकाशाने कॅटॅलिस्टमध्ये उत्तेजित झालेले इलेक्ट्रॉन पकडायला तोच लागतो. २५ अंशांना पाण्यात तो लिटरला फार तर ८ मिलिग्रॅम असतो. मी हिशोब मांडला: १० मिलिग्रॅम कार्बामाझेपिनचं पूर्ण खनिजीकरण (कार्बन डायऑक्साइड, पाणी अशा साध्या रेणूंपर्यंत तोडणं) करायला सुमारे २२ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा. पीडीएमएसमधून हवा आत झिरपते, काचेतून नाही. ज्याला वैतागून काढलं तेच बहुधा ऑक्सिजन पुरवत होतं.

वाट उंच कर, बुडबुडे निघून जातील, असं बरेच जण सुचवतात. पण अशा वाटेत पाणी थराथराने सरकतं, ढवळलं जात नाही. रेणूला कॅटॅलिस्टपर्यंत विसरणानेच (आपोआप हळूहळू पसरत) पोचावं लागतं. ०.१ मिमी उंचीला त्याला साधारण १० सेकंद लागतात, ०.५ मिमीला २५० सेकंद. माझ्याकडे मिनिटभरच आहे, कारण पाणी चिपमध्ये तेवढंच थांबतं.

माझे प्रश्न:

१. बाहेर येणाऱ्या पाण्यातली औषधाची तीव्रता आत सोडलेल्या द्रावणाइतकी होईपर्यंत अंधारात द्रावण सोडायचं आणि मगच दिवा लावायचा, एवढं पुरे आहे का? दिव्याने चिप तापल्यावर मुरलेलं औषध परत सुटून आकडे बिघडतील असं मला वाटतं.

२. टेपचा गोंदही औषध शोषतो का? त्याची कड तर सगळ्या वाटेभर पाण्याला लागून असते.

३. बाहेरच्या टोकाला बारीक, लांब नळी लावून आतला दाब वाढवला तर बुडबुडे दबतील का? कुणी करून पाहिलंय? ऑक्सिजनऐवजी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचा विचार आहे, पण मग कॅटॅलिस्टशिवाय नुसत्या पेरॉक्साइडची चाचणीही वेगळी घ्यावी लागेल ना?

४. ही चिप दिवसाला ७२ मिलिलिटर पाणी देते. दिवसाला हजार लिटरसाठी जवळपास १४,००० चिपा लागतील. माझे मार्गदर्शक म्हणतात चिपांचे थर एकावर एक रचत जा. मला वाटतं तिचा खरा उपयोग कॅटॅलिस्ट झटपट पारखण्यासाठी आहे. तुमचं मत काय?

अंधारातल्या चाचण्यांचे आलेख तयार आहेत, हवे असतील तर इथेच टाकते. पुढच्या आठवड्यात नवी चिप कापायची आहे, त्याआधी टेपच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर फार मदत होईल.