कुटुंबासह कोल्बास महोत्सव: बेकेशचबा की बुडापेस्ट?

तिखटमीठ (धागाकर्ता):
हंगेरीतला डुकराच्या मांसाचा उत्सव म्हटलं की लोक बुडापेस्टचा मंगालित्सा (डुकराची एक जात) महोत्सव सुचवतात. फेब्रुवारीत भरतो, शहराच्या मधोमध, मेट्रोने जाता येतं. माझं मत उलट आहे. मुलांना घेऊन जायचं तर ऑक्टोबरातलं आग्नेय हंगेरीतलं बेकेशचबा, म्हणजे थोडक्यात चबा, गाठा. तिथला कोल्बास महोत्सव 1997 पासून भरतो. कोल्बास म्हणजे लाल मिरचीपूड घातलेलं सॉसेज. बुडापेस्टला ते विकत मिळतं, इथे ते डोळ्यांसमोर बनतं.

स्पर्धेत चमू लांब टेबलांवर ओळीने मांस मळतात. साधारण प्रमाण दहा किलो मांसाला 200 ग्रॅम मीठ, तेवढीच किंवा थोडी जास्त मिरचीपूड (गोड आणि तिखट मिळून), 50-80 ग्रॅम लसूण आणि 20-30 ग्रॅम कॅरावे, म्हणजे आपल्या शहाजिऱ्याचं भावंड. मिरी नाही. शेजारच्या ग्युलाच्या कोल्बासमध्ये असते, चबाच्या नाही, आणि यावरून दोन्ही गावं हमरीतुमरीवर येऊ शकतात. मांस थंडगार हवं. हाताच्या उबेने चरबी वितळली की ती मांसाला माखते, मग काप मऊ आणि तेलकट पडतो. गोळा तळहाताला चिकटला आणि हात उलटा केला तरी पडला नाही, म्हणजे मळणं झालं. भरण्याआधी एक छोटी टिक्की तव्यावर परतून चाखतात, कारण आतड्यात गेल्यावर मीठ दुरुस्त करता येत नाही. हे सगळं दहा वर्षांच्या मुलाला हातभर अंतरावरून दिसतं.

एकवाटी:
दिसतं खरं, पण किती वेळ? बुडापेस्टच्या केलेती स्थानकावरून रेल्वेने अडीच तासांच्या आसपास, तेवढंच परत. दुपारनंतर तंबूत गर्दी, धूर, बँडचा दणदणाट आणि पालिंका, म्हणजे फळांची कडक दारू. लहान मुलं आणि सत्तरीची आजी सोबत असतील तर हा दिवस नव्हे, शिक्षा आहे. बुडापेस्टला तासाभरात कंटाळा आला तर घरी जाता येतं.

आणि मंगालित्सा म्हणजे नुसता बाजार हे मला पटत नाही. ही कुरळ्या केसांची, चरबीने भरलेली जात 1990 च्या सुमारास जवळपास संपली होती, ती परत उभी राहिलेली मुलांना बघू दे की. तपर्त्यू खाऊ घाला, म्हणजे चरबीचे तुकडे मंद आचेवर तूप कढवतो तसे कढवून उरलेला कुरकुरीत भाग. घाई केली तर बाहेरून करपतो, आतून रबर.

तिखटमीठ:
गर्दीचं मान्य. म्हणूनच सकाळी जायचं आणि दोनला निघायचं. मंगालित्साच्या पाट्यांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका, ड्युरोक या दुसऱ्या डुकराच्या जातीशी संकर केलेलं मांसही त्याच नावाने विकलं जातं. संकर वाईट नसतो, पण किंमत शुद्ध जातीची का द्यायची?

दक्षिणमैदान:
तुम्ही दोघंही उत्सवात अडकलात. खरा प्रकार म्हणजे गावातलं दिस्नोतोर, हिवाळ्यातली डुकराची कत्तल आणि त्यानंतरचं जेवण. 30 नोव्हेंबरच्या संत अँड्र्यूच्या दिवसापासून पूर्वी हंगाम सुरू होई, कारण फ्रीज नसताना थंडीच फ्रीज होती. आधी केस जाळून कातडी खरवडतात, मग चिरतात. त्याच दिवशी पाठीच्या कण्याचं सूप, आंबवलेल्या कोबीची भाजी आणि हुर्का. हुर्का म्हणजे आतड्यात भरलेला भात आणि कलेजी, किंवा भात आणि रक्त. भात फुगतो म्हणून आतडं गच्च भरायचं नाही, आणि पाणी उकळू द्यायचं नाही, 90 अंशांच्या खाली शिजवायचं. नाहीतर फुटून भांड्यात खिचडी. मांस कुठून येतं हे मुलांना कळायचं असेल तर इथे कळेल.

एकवाटी:
सहा वर्षांच्या मुलाला जळत्या केसांच्या वासात उभं करून काय कळणार? रक्त गोठू नये म्हणून कोणीतरी ते सारखं ढवळत असतं, ते दृश्य मोठ्यांनाही पेलत नाही. न्यायचंच असेल तर चिरणं उरकल्यावर, हुर्का भरताना न्या.

तिखटमीठ:
इथे माझं एकवाटीशी जमलं. आणि तिघांनाही लागू पडणाऱ्या दोन गोष्टी.

एक, भाव. पाटीवरचा आकडा बऱ्याचदा दहा डेकाचा, म्हणजे 100 ग्रॅमचा असतो. एक हुर्का सहज 250-300 ग्रॅम भरतो, मग बिल अडीच ते तीन पट. वजन करण्याआधी विचारा. सोबत पाव, मोहरी आणि लोणची घ्या. लोणच्याशिवाय ती चरबी दुसऱ्या घासालाच अंगावर येते.

दोन, आजी शाकाहारी असतील तर. बीन्सच्या भाजीत धुरवलेलं मांस असू शकतं. लांगोश, म्हणजे तळलेली जाड पुरी, दिसायला निरुपद्रवी, पण कढईत डुकराची चरबी असू शकते. "झीरबन वॉद्य ओलायबन?" विचारा, चरबीत की तेलात. किमान निखाऱ्यावर फिरवलेला कुर्तोश गोड पाव तरी मिळतोच.

दक्षिणमैदान:
कुर्तोशला लोणी लावतात, अंडंही असतं. आजींना अंडं चालतं का ते आधी बघा. बाकी गाडी चालवणाऱ्याने पालिंकाचा ग्लास हातात घेऊ नये, हंगेरीत चालकाला मद्याची मर्यादा शून्य आहे. म्हणून चबाला रेल्वेच बरी.

एकवाटी:
म्हणजे आजी अडीच तास रेल्वेत बसून गोड पाव खायला जाणार. बुडापेस्ट.