विणलेले भिंतपट आणि आपली पैठणी
फ्रान्समधील बायो येथील प्रसिद्ध पट हा विणलेल्या भिंतपटांचा आद्य नमुना असल्याचे म्हटले जाते, त्यात एक दुरुस्ती सुचवतो. अकराव्या शतकातील तो सुमारे ७० मीटर लांबीचा पट म्हणजे लिननवर लोकरीच्या धाग्यांनी केलेले भरतकाम आहे. खऱ्या भिंतपटातील चित्र कापड विणतानाच घडते. रंगीत बाणा, म्हणजे विणीतला आडवा धागा, पूर्ण रुंदीभर न जाता आपल्या आकृतीच्या कडेपर्यंत जाऊन परत फिरतो. युरोपातील धनिकांनी थंड दगडी भिंती अशा पटांनी झाकल्या, आणि १६६२ मध्ये चौदाव्या लुईच्या काळात पॅरिसच्या गोबेलँ कार्यशाळेला राजाश्रय मिळाला.

हेच तंत्र पैठणीच्या पदरात आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. गिरगावातील आमच्या घरी आजीच्या पैठणीचा पदर भिंतीवर लावला आहे. त्यावरील मोराची हिरवी मान उलट बाजूनेही तितकीच रेखीव दिसते, कारण मागे सुटे धागे लोंबकळत नाहीत. मुंबईच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते, म्हणून तो सुती अस्तरावर टाचून, भिंतीपासून दोन बोटे अंतर राखून लाकडी पट्टीवर टांगला आहे.