पद्मिनीचं इंजिन पूर्ण बांधलं तरी चढावर पाणी उकळतंच आहे, आता काय बघायचं राहिलं?

पद्मिनीवाला_७८:
नमस्कार मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये म्हणून लिहितोय. वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. गॅरेजमध्ये दोन वर्षं सुट्या भागांत पडून होती, शेवटी इंजिन बांधून घेतलं. वीस थाऊ (इंचाचे वीस हजारांश) ओव्हरसाईज रिबोअर म्हणजे सिलेंडर तेवढे मोठे कापले, नवीन पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंड, हेडला फेसिंग, व्हॉल्व्ह-गाईड, स्पार्कचे पॉईंट-कंडेन्सर, सगळं नवीन. १४०० किलोमीटर झाले.

शहरात काही त्रास नाही. स्वारगेटला ट्रॅफिकमध्ये पंधरा मिनिटं रखडली तरी टेंपरेचरचा काटा मध्यावर. पण हायवेला साठ-पासष्टने चालवली की अर्ध्या तासात काटा वर सरकायला लागतो आणि खंबाटकीच्या चढावर तर सरळ लालमध्ये. आत्तापर्यंत तीन वेळा कडेला उभी करून वाफ जाईपर्यंत वाट बघितलीये, बायको आता त्या घाटातून एसटीने जाते.

रेडिएटरला नवीन कोअर टाकला, वॉटर पंप नवीन, होज पाईप नवीन (खालचा पाईप आत ओढला जाऊन चपटा होतो म्हणे, म्हणून रेस देऊन बघितला, होत नाही), कॅप नवीन, मीटरचं सेंडरसुद्धा बदललं. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) चहाच्या पातेल्यात दोऱ्याला टांगून उकळून बघितला, बरोबर उघडतो, तरी मिस्त्रीने काढूनच टाकला. हेड परत उघडून गॅस्केटही बदललं. काहीएक फरक नाही. मिस्त्री म्हणतो जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच.

कुर्ल्याचा_टॅक्सीवाला:
भाऊ, एवढं टेन्शन घेऊ नका, रिबोअर केलेलं इंजिन टाईट असतं, गरम होणारच. आमच्या बाबांची टॅक्सी होती, पद्मिनीच, बोनेटच्या फटीत लाकडाचा तुकडा अडकवायचे आणि सीटखाली पाच लिटरचा कॅन कायम. कुर्ल्यात बनलेली गाडी मुंबईच्या उकाड्यात आख्खी शिफ्ट मारायची. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा बाबा घरी गप्प बसून होते. थर्मोस्टॅट काढला ते बरंच झालं, आता नळाचं पाणी भरा आणि चालवा.

स्पॅनर_चौदा:
बाबांना नमस्कार, पण नळाचं पाणी नको हो. या इंजिनाचा ब्लॉक बीडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं, दोन धातूंमध्ये साधं पाणी राहिलं की हेड आतून खात जातं. त्यात पुण्याच्या सोसायट्यांमध्ये बोअरचं पाणी आलं तर क्षार चढून नवीन कोअर पण दोन वर्षांत बसेल. कुलंटच भरा.

आणि टाईट इंजिन पहिल्या पाचशे-सातशे किलोमीटरपर्यंत समजू शकतो. चौदाशेला हे कारण चालत नाही, आणि टाईट असतं तर ट्रॅफिकमध्ये पण काटा चढला असता ना.

एक विचारतो, फॅन उलटा तर नाही ना बसवला? उलटा बसवला तरी हवा त्याच दिशेने फेकतो, फक्त कमी फेकतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

पद्मिनीवाला_७८:
फॅन बघितला, सरळ आहे.

कोथरूडचे_काका:
फॅनला हात लावू नका. उभ्या गाडीला हवा फक्त फॅनची मिळते आणि तिथे तुमचा काटा शांत आहे, म्हणजे फॅन पास. साठच्या स्पीडला समोरून एवढा वारा येतो की फॅनचं फारसं काम उरत नाही. तेव्हा तापते याचा अर्थ एक तर पाणी पुरेसं फिरत नाही, नाहीतर पाण्यात उष्णताच जास्त येतेय. या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा, पार्ट बदलत बसू नका, झाला तेवढा खर्च पुरे झाला.

कोणाकडून तरी ती टेंपरेचरची गन आणा. गाडी तापली की लगेच थांबून, इंजिन चालू ठेवून, रेडिएटरच्या वरच्या टाकीवर आणि खालच्या टाकीवर मारा. खालची अगदी थंड असेल तर पाणी अडतंय. दोन्हीत आठ-दहा डिग्रीचा फरक असेल तर रेडिएटर आपलं काम करतोय आणि दोष दुसरीकडे आहे.

सकाळी थंड इंजिनला कॅप उघडून स्टार्ट करा, बुडबुडे सतत येतात का बघा, येत असतील तर गॅस्केटमधून गॅस पाण्यात शिरतोय. आणि खरं सांगा, गाडी ओढते कशी? सायलेन्सरमधून फटफट येते का?

पद्मिनीवाला_७८:
काका, शेजारच्या एसी रिपेअरवाल्याकडून गन आणली. शिरवळच्या पुढे काटा चढल्यावर थांबलो, वरची टाकी १०३, खालची ९४. बुडबुडे नाहीत.

ओढायचं म्हणाल तर खरं सांगायची लाज वाटते, एवढा खर्च करून गाडी आधीपेक्षा ढिली वाटते. चढाला दुसरा गिअर टाकून पाय पूर्ण दाबावा लागतो. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फुटाणे फुटल्यासारखं होतं. मॅनिफोल्डपाशी तर हात नेववत नाही. मला वाटलं नवीन इंजिन आहे, सेट होईल हळूहळू.

कोथरूडचे_काका:
सापडलं बहुतेक. तुमची पाण्याची बाजू ठणठणीत आहे, टायमिंग लेट आहे, म्हणजे स्पार्क उशिरा पडतोय.

मिस्त्रीने टायमिंग आयडलला लावलं असणार, ते बरोबरच असेल. पण आरपीएम वाढतो तसा स्पार्क लवकर पडायला लागतो, त्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना आळीपाळीने करंट वाटणारा भाग) आत दोन छोटी वजनं असतात, वेगाने फिरली की बाहेर फेकली जातात आणि शाफ्टचा वरचा भाग पुढे ढकलतात. ती जाम झाली की आयडलला सगळं झकास आणि तीन हजारला स्पार्क पंधरा-वीस डिग्री उशिरा. पेट्रोल मग पिस्टन खाली निघाल्यावर जळतं, ताकद मिळत नाही, तुम्ही आणखी पाय दाबता, आणि ती सगळी आग एक्झॉस्टच्या पोर्टमधून हेड तापवत जाते. हेडमधलं ते पाणी बिचारा रेडिएटर किती थंड करणार.

टायमिंग लाईट मिळाली तर पुलीच्या खुणेवर खडू घासून रेस द्या, खूण सरकायला हवी. नसेल तर सोपं, इंजिन बंद, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, रोटर फिरण्याच्या दिशेने बोटांनी पिळा. थोडा फिरून, सोडला की टचकन मागे आला पाहिजे.

डिस्ट्रिब्युटर ती दोन वर्षं कुठे होता?

पद्मिनीवाला_७८:
पेपरात गुंडाळून डिकीत. स्टेपनीखाली.

कुर्ल्याचा_टॅक्सीवाला:
😀 दोन पावसाळे!

स्पॅनर_चौदा:
काका म्हणतात ते पटतंय. पॉईंट बदलायला प्लेटच्या खाली बघावं लागत नाही, त्यामुळे मिस्त्रीला दिसलं नसेल. जुन्या इंजिनांना रोटरखाली शाफ्टच्या टोकाला एक कापसासारखी बत्ती असते, त्यात दोन थेंब तेल टाकायचं असतं, ते आता कोणीच टाकत नाही.

पद्मिनीवाला_७८:
रविवारी उघडलं. रोटर पिळला तर जागचा हललाच नाही, दगड. पॉईंटची प्लेट काढली तर खाली दोन्ही वजनं तांबड्या गंजाने पिनांना चिकटलेली, एका बाजूची स्प्रिंग तर हात लावल्यावर तुटली. रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवलं, सकाळी टूथब्रशने घासलं, पिनांना शून्य नंबरचा पॉलिशपेपर मारला, वजनं हलायला लागली. स्प्रिंग जुन्या बाजारात एका जुन्या डिस्ट्रिब्युटरमधून मिळाली, ८० रुपये. कोअर, पंप आणि दुसऱ्यांदा हेड उघडल्याचा हिशोब मी मुद्दाम केलेला नाही.

काल पुणे-सातारा, दुपारी दीड वाजता, चार माणसं आणि डिकीत सामान. खंबाटकीला तिसऱ्या गिअरवर बरीच वर गेली, वळणाला दुसरा टाकला, काटा मध्याच्या किंचित पुढे जाऊन थांबला. सायलेन्सरचे फुटाणे बंद. बायको शेजारीच बसली होती पण पर्समध्ये एसटीचे सुटे पैसे होते.

कोथरूडचे_काका:
छान. दुसरी स्प्रिंग दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरची आहे तर चढाला पूर्ण पाय दाबल्यावर इंजिन खडखडतं का ते कान देऊन ऐका. खडखडलं तर टायमिंग दोन डिग्री मागे घ्या. थर्मोस्टॅट परत बसवा, बिनथर्मोस्टॅटचं इंजिन थंडीत तापतच नाही, ऑईल खराब होतं आणि नवीन बोअर झिजतो. आणि महाबळेश्वरला न्याल तेव्हा कॅप नीट बसलीये बघा, तिथे १३५० मीटरवर पाणी पंचाण्णव-शहाण्णवलाच उकळतं, कॅपचा दाब नसेल तर गाडीत दोष नसताना उकळेल.

पद्मिनीवाला_७८:
थर्मोस्टॅट बसवतो या शनिवारी. अजून पातेल्यातच आहे.