आवाजात नेमके काय धरून ठेवते? सांगली-साताऱ्याच्या रसिकांचे वाद्यानुभव

आपल्या दोन जिल्ह्यांत कुठले ना कुठले वाद्य कानावर पडले नाही असा महिना सहसा जात नाही. यात्रा, उरूस, गणपती, कुस्त्यांची मैदाने, लग्नसराई, वारी आणि रागसंगीताच्या मैफली, या प्रत्येकाचा आपापला आवाज आहे आणि तो आपण लांबूनही ओळखतो. तरीही गाणाऱ्यांबद्दल आपण जितके भरभरून बोलतो तितके वाजवणाऱ्यांबद्दल बोलत नाही, आणि वाद्य घडवणाऱ्यांबद्दल तर फारच थोडे बोलतो. म्हणून हे निमंत्रण आहे. आपले आवडते वाद्य किंवा आवडता वाद्यवृंद कोणता एवढेच सांगून थांबू नये. त्या आवाजातले नेमके काय आपल्याला धरून ठेवते ते लिहावे. सुरुवात मी करते.

मिरज

माझे वाद्य तंबोरा. बहुतेकांच्या लेखी ते साथीचे वाद्य आहे. माझ्या लेखी मैफलीतले पहिले वाद्य तेच आहे, कारण गायकाने तोंड उघडण्याआधी सभागृह भरून टाकण्याचे काम तंबोराच करतो. मिरजेतील सतारमेकर गल्लीतून जाता-येता मी या वाद्याचे सगळे टप्पे पाहिले आहेत. इथले शिकलगार मूळचे हत्यारांचे कारागीर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये करायला घेतली, पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला आणि पुढच्या पिढ्यांनी ते काम सोडले नाही. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. वाळलेला भोपळा कापून भिजवतात, आतून काठ्यांचे टेके देऊन त्याला गोलाई आणतात, त्यावर तुणीच्या लाकडाची तबली, म्हणजे भोपळ्याचे तोंड झाकणारी फळी, आणि दांडी बसते. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या घरी एखाद्या नातलगाचा सत्कार झाल्यासारखा आनंद झाला.

पण मला सांगायचे आहे ते जवारीबद्दल, म्हणजे घोडीच्या माथ्याला घासून दिलेल्या घडणीबद्दल. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा सपाट नसतो. त्याला डोळ्याला जेमतेम दिसेल इतका उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा घासली जाते आणि त्या घर्षणातून मूळ स्वराच्या पोटातले वरचे स्वर बाहेर पडतात. कारागीर कानस एकदा फिरवतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. एका क्षणी, तारेखालचा सुताचा दोरा केसभर पुढे सरकताच, बोथट आवाज एकदम उमलतो. त्यानंतर प, सा, सा आणि खर्ज अशा चारही तारा मिळाल्या की खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार, म्हणजे ग हा स्वर, ऐकू येतो. त्याला जाणकार स्वयंभू गंधार म्हणतात. तो पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला तेव्हा मी गाणे शिकत होते आणि माझ्या बाईंनी मला त्या दिवशी दुसरे काहीही शिकवले नाही, फक्त तो गंधार ऐकत बसायला सांगितले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी जी संगीतसभा होते, तिथेही मी शक्यतो तंबोऱ्यांच्या जवळची जागा धरते.

तासगाव, निवृत्त शिक्षक

ताई, आपण शास्त्रीय वाद्याने सुरुवात केलीत. मी रस्त्यावरच्या वाद्यवृंदाबद्दल लिहितो. ऋषिपंचमीला आमच्या गणपतीचा रथोत्सव असतो. हजारो माणसे दोर ओढत असतात, गुलाल उधळलेला असतो आणि त्या गर्दीत बँड वाजत असतो. लोक ट्रम्पेटकडे आणि मोठ्या ढोलाकडे पाहतात. माझे लक्ष क्लॅरिनेटकडे असते. मराठी नाट्यपदे, अभंग, लावणी, सिनेमातली गाणी हे सारे बँडमध्ये खऱ्या अर्थाने गाते कोण, तर क्लॅरिनेट. ट्रम्पेटने गाण्याची घोषणा करावी आणि क्लॅरिनेटने ते म्हणावे अशी वाटणी मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

या वाद्याची एक गोष्ट बँडमधल्या एका वयस्क वादकाने मला हातात वाद्य देऊन समजावली. बासरीवर त्याच बोटांनी जोराने फुंकले तर सा चा वरचा सा निघतो. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि तोंडाच्या बाजूने बंद असल्यासारखी वागते, त्यामुळे अंगठ्याची कळ दाबली की त्याच बोटांवर वरच्या सप्तकातला पंचम येतो. म्हणजे खाली सा जिथे वाजतो तिथेच वर प वाजतो, आणि वादकाला दोन सप्तकांसाठी बोटांची दोन निरनिराळी गणिते पाठ असावी लागतात. शिवाय खालच्या सप्तकातला आवाज दाट आणि लाकडी, तर वरचा धारदार आणि उजळ. मधला सांधा लोकांना कळू न देणे यात वादकाची खरी परीक्षा असते. हे सगळे तो माणूस चालता चालता, उन्हात, जड गणवेश घालून करत असतो. बँडच्या वादकांना आपण कलावंत म्हणून वागवत नाही याचे मला फार वाईट वाटते. वरातीत त्यांना पाणी विचारणाराही क्वचित भेटतो. ज्यांच्या घरी कार्य असेल त्यांनी निदान एक गाणे मिरवणूक थांबवून, शांतपणे उभे राहून ऐकावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कुंडल परिसर, हलगीवादक

मी स्वतः वाजवतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचा अनुभव नव्हे तर हाताचा अनुभव लिहीत आहे. हलगी तापवल्याशिवाय बोलत नाही. पाल्याचा किंवा कागदाचा जाळ करून कातडे त्यावर धरायचे, फिरवत राहायचे आणि मधूनमधून बोटाने टिचकी मारून पाहायचे. कातड्यातला ओलावा गेला की ते ताणले जाते आणि आवाज चढतो. पावसाळी हवेत हाच आवाज थोड्या वेळात पुन्हा उतरतो, म्हणून जाळ जवळ ठेवावा लागतो. आता नटबोल्टने ताणायच्या फायबरच्या हलग्या आल्या आहेत. त्या पावसात सोयीच्या आहेत आणि मीही एक ठेवली आहे. पण तापलेल्या कातड्याची जी कडक थाप छातीत बसते ती तिच्यात नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

उजव्या हातात आखूड काडी, डाव्या हातात लांब बारीक काडी. उजवा हात ठेका धरतो आणि डावी काडी कातड्याला लागून भरणा करते. संगतीला घुमके आणि कैताळ ही तालवाद्ये असली की मग त्या तिघांना लाऊडस्पीकर लागत नाही. आमच्या कुंडलच्या कुस्ती मैदानात हलगीचे काम वेगळेच असते. पैलवान खडाखडी करत, म्हणजे एकमेकांचा अंदाज घेत असतात तोवर ठेका संथ राहतो. एकाने पट काढला, म्हणजे दुसऱ्याचा पाय धरला, की चाल वाढते. आणि वाजवणाऱ्याला कुस्ती कळत असेल तर तो डावाच्या अर्धा क्षण आधी चाल बदलतो. हे कोणी शिकवत नाही. माझ्या चुलत्यांचे डोळे हलगीवर कधीच नसत, ते पैलवानाच्या पायांवर असत.

औंध, जिल्हा सातारा

आमच्या गावची ओळख अनेकांना यमाईमुळे आणि संग्रहालयामुळे असते. माझी ओळख औंध संगीत महोत्सवाची. पं. अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ 1940 साली सुरू केलेला हा उत्सव आश्विनात होतो. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी (1911–1987) गायक तर मोठे होतेच, पण व्हायोलिनवादक म्हणूनही त्यांचे नाव आदराने घेतले जाते, आणि त्यामुळेच आमच्या घरात व्हायोलिन हे परदेशी वाद्य आहे असे कोणालाच वाटले नाही.

पाश्चात्त्य वादक व्हायोलिन हनुवटीखाली धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक पावलावर टेकवतो, आणि त्यामुळे डावा हात वाद्याचे वजन पेलण्यातून मोकळा होऊन पट्टीवर हवा तसा घसरू शकतो. व्हायोलिनला स्वरांच्या जागा ठरवणारे पडदे नसतात. म्हणून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, गळ्यातून आल्यासारखी अखंड येते, आणि म्हणूनच एखादा स्वर केसभर जरी ढळला तरी लपवायला जागा नसते. विलंबित ख्यालात गज एका दिशेने ओढत नेऊन वादक जेव्हा समेवर येतो, तेव्हा श्वास कुठे घेतला हे कळत नाही. मी स्वतः वाजवत नाही. ऐकण्यासाठी मात्र मी दरवर्षी कामावरून रजा घेतो.

लोणंद

माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते, तेव्हा मी पखवाजाच्या जवळ चालते. शेकडो टाळ एका चालीत वाजत असताना त्या सगळ्यांना बांधून ठेवणारा आवाज पखवाजाच्या डाव्या अंगाचा असतो, आणि तो येतो ओल्या कणकेमुळे. वादक मुक्कामी बसून कणीक मळतो, डाव्या पुडीवर तिची चकती थापतो, थाप देऊन पाहतो, चिमूटभर काढतो किंवा लावतो. जास्त झाली तर आवाज बसतो, कमी झाली तर पोकळ येतो. वाजवणे संपले की कणीक खरवडून पुडी कोरडी करायची. चांदोबाच्या लिंबाजवळच्या उभ्या रिंगणात तो आवाज ऐकला की पाय दुखत असल्याचे लक्षात राहत नाही.

कराड, महाविद्यालयीन विद्यार्थी

मी गिटार वाजवतो आणि मला ‘शक्ती’ या वाद्यवृंदाबद्दल लिहायचे आहे. 1970च्या दशकात इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन आणि घटम या मडक्याच्या तालवाद्यावर विक्कू विनायकराम अशी ही मंडळी एकत्र आली. उत्तर हिंदुस्थानी तबला आणि कर्नाटक पद्धतीचा घटम एकाच मंचावर समान अधिकाराने बोलतात हे मला आजही विलक्षण वाटते. अनेक वर्षांच्या खंडानंतर नव्या साथीदारांसह त्यांनी पुन्हा ध्वनिमुद्रण केले आणि 2024 साली त्याला ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी 15 डिसेंबरला झाकीरभाई गेले. त्या रात्री आम्ही मित्रांनी खोलीत फक्त त्यांचे वादन लावले होते.

वर मिरजेच्या ताईंनी जवारीबद्दल लिहिले म्हणून मुद्दाम सांगतो. मॅक्लॉफ्लिन यांनी ‘शक्ती’साठी गिब्सन कंपनीकडून जी गिटार बनवून घेतली, तिच्यात नेहमीच्या सहा तारांखेरीज सात तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांबरोबर गुंजणाऱ्या, तारा तिरक्या बसवलेल्या होत्या, आणि पट्टीवरचे लाकूड पडद्यांच्या मधोमध खोलगट कोरलेले होते. त्यामुळे तार खाली दाबून आणि बाजूला ओढून सतारीसारखी मींड घेता येते. हे वाचल्यावर मी एका सुट्टीत मिरजेला जाऊन सतारीचे पडदे आणि तरफा जवळून पाहिल्या. पडदे दांडीवर दोऱ्याने बांधलेले असतात आणि रागानुसार सरकवता येतात हे मला तिथे कळले. माझ्या गिटारचे पडदे कायमचे ठोकलेले आहेत. कोमल गंधार किंचित उतरा हवा असेल तर मला काहीच करता येत नाही, ही अडचण मला तिथे उभा असताना पहिल्यांदा नीट समजली.

हरिपूर

कराडच्या मुलाने जी अडचण लिहिली तीच पेटीची आहे, आणि तिच्यावर आमच्याच मातीत फार मोठे काम झाले आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधारे श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची, मोजमापे घेतली आणि पुढे क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने बावीस श्रुतींच्या हार्मोनियमचा प्रयत्न केला. नेहमीच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणून तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या त्या स्वयंभू गंधारापेक्षा थोडा चढा लागतो. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली ती याच आणि इतर आक्षेपांमुळे. मी पेटी वाजवते आणि मला ती अतिशय प्रिय आहे. आक्षेप खरा आहे, तरी संगीत नाटकाला आणि भजनाला पेटीने जे दिले ते दुसरे कोणते वाद्य देऊ शकले नसते. जाणता पेटीवादक गंधारावर रेंगाळत नाही, गायकाचा स्वर लागला की आपला काढून घेतो. साथीतली ती माघार मला ऐकायला फार आवडते.

विटा

मी घरी एकटीच रियाज करते आणि माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे. तो नसता तर माझे गाणे केव्हाच सुटले असते. आजीचा तंबोरा माळ्यावर आहे, पण त्याचा आवाज बसला आहे. तो दुरुस्त करून घेण्यात अर्थ आहे का?

मिरज

ताई, जरूर अर्थ आहे. यंत्राचा स्वर ढळत नाही आणि रोजच्या रियाजाला ते उत्तम आहे. परंतु तंबोरा मिळवताना जो कान तयार होतो तो यंत्राची कळ फिरवून होत नाही. भोपळ्याला चीर नसेल आणि दांडी वाकलेली नसेल तर बसलेला आवाज बहुधा जवारीचा असतो, आणि जवारी काही वर्षांनी घासून घ्यावीच लागते. आणताना तारा थोड्या सैल कराव्यात, पण घोडी जागेवरून काढू नये. भोपळ्याखाली जाड गोधडी द्यावी आणि वाद्यावर दुसरे सामान ठेवू नये. कारागिराला आपली पट्टी, म्हणजे आपण गाताना कोणत्या सुराला सा धरतो ते, आधी सांगावी, कारण पेटीच्या काळी चार-पाच पट्टीच्या तंबोऱ्याला आणि पुरुषांच्या पट्टीच्या तंबोऱ्याला तारा वेगळ्या जाडीच्या लागतात. जवारी लावताना स्वतः समोर बसावे आणि आवाज अधिक मोकळा हवा की गोल हवा ते तिथल्या तिथे सांगावे.

आटपाडी, जत आणि माणकडच्या धनगरी ढोलाबद्दल अजून कोणीच लिहिलेले नाही. गजी हे धनगरी नृत्य खेळणाऱ्यांपैकी किंवा ढोल मढवणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर कातडे कोणते, दोऱ्या कशा ओढतात आणि चाल कोण बदलतो, हे सविस्तर लिहावे.