अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीला फिश फाइंडरचा ट्रान्सड्युसर कसा बसवू? गळती नकोय

गोराईवाला
मंडळी मदत हवीय. १४ फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट आहे, सेकंडहँड, ट्रेलरवर घरीच असते, रविवारी मनोरीच्या खाडीत जिताड्याच्या मागे जातो. फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे आणि तळ स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) आणलाय पण ट्रान्सड्युसरसाठी (त्याचा पाण्यात ध्वनिलहरी सोडणारा भाग) मागच्या फळीला पाण्याखाली भोकं पाडायची म्हटलं की हात धजत नाही. मित्राच्या फायबर बोटीत तो आतूनच तळाला चिकटवलाय आणि मस्त चालतो, तसं जमेल का? नाहीतर भोकं पाडून बाथरूमला लावतात ते सिलिकॉन भरू का? नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात घालायचीय.

वर्सोव्याचा_नाखवा
आतून चिकटवायचं डोक्यातून काढ, ते फायबरलाच चालतं, धातूच्या तळातून नाही. आणि ते सिलिकॉन तर अजिबात नको. ट्यूब उघडली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना, ते अ‍ॅसिडच असतं, अ‍ॅल्युमिनियम खातं. मरीन सिलंट घे, थ्रीएमचं ४२०० चालेल. ५२०० नको, ते एकदा बसलं की उतरवताना रंगासकट येतं, वर पक्कं व्हायला ५-७ दिवस जातात.

सहाभोकी
माझं नाव असंच नाही पडलं 😅 पहिल्यांदा डायरेक्ट फळीत स्क्रू मारले, बोट जरा पळवली की स्क्रीन कोरी, कारण पुढे तळाला रिवेटची रांग होती आणि तिचे सगळे बुडबुडे बरोबर ट्रान्सड्युसरखालून जायचे. मग जागा बदलली, तीही प्रॉपेलरच्या फार जवळ निघाली, परत बदलली. जुनी भोकं त्याच बाथरूमवाल्या सिलिकॉनने बुजवलेली, महिन्याभरात पायाशी ठेवलेला जेवणाचा डबा तरंगायला लागला. आता जाड पांढरा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड फळीवर बसवलाय आणि ट्रान्सड्युसरचे स्क्रू फक्त त्या बोर्डात. जागा चुकली तर बोर्डाला भोक पडेल, बोटीला नाही.

नाखवा म्हणतात ते सिलंट मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात विचारून बघ, ट्यूबवरची तारीख मात्र वाच.

मढचा_मेकॅनिक
बोर्डाची आयडिया बरोबर, पण तो नुसता चिकटवायला जाऊ नकोस, त्या प्लास्टिकला सिलंट धड धरतच नाही, एक दिवस बोर्ड ट्रान्सड्युसर सगळं खाडीत. बोर्ड उभा लांब काप, वरच्या टोकाला दोन आरपार बोल्ट, म्हणजे भोकं पाण्याच्या रेषेच्या वर येतील. स्टीलचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात थेट टेकले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, म्हणून नायलॉनचं बुश (बोल्टभोवती बसणारी छोटी नळी) आणि वायसर घाल, भोकाच्या कडेला सिलंट लाव. पत्रा आधी अ‍ॅसिटोनने पूस.

उंची: गार्मिन या फिश फाइंडर बनवणाऱ्या कंपनीच्या कागदात ट्रान्सड्युसरचा तळ अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत तळाखाली १० एमएम ठेवायला सांगितलाय, फायबरला ३. प्रॉपेलरपासून किमान ३८ सेमी लांब. पुढे जाताना मागून बघितलं तर पंखा घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर उजव्या बाजूला लाव. वायर जास्त झाली तर कापू नकोस, गुंडाळून ठेव.

गोराईवाला
बाप रे, सहाभोकी दादांच्या डब्याने वाचवलं. एक राहिलं, भोकं गळतायत का ते पाण्यात न जाता कसं कळेल?

मढचा_मेकॅनिक
ट्रेलरवरच मागचं टोक खाली कर, पाइपने भोकांवर जोरात पाणी मार आणि एकाने आत टॉर्च घेऊन बस. फळीच्या खालच्या जोडावर आतून चार बादल्या पाणी ओतून बाहेरून बघ, भरपूर ओतू नकोस, ट्रेलर बसेल. आधीच्या मालकाने पाडलेली भोकं असतील तर तीही सापडतील.