मदत हवी आहे : प्रेम आणि रहस्य एकाच धाग्यात विणलेली कादंबरी सुचवा

नमस्कार मंडळी. नुकत्याच वाचलेल्या एका प्रेम-रहस्य कादंबरीने फार निराशा केली. नाव देत नाही. सुरुवात झकास होती: गिरगावातली चाळ, जिन्याखालची कुलूपबंद खोली, आणि ज्याच्यावर खुनाचा संशय तोच नायिकेला आवडू लागलेला. २७२ पानांपैकी पहिली ८० खाली ठेववत नाहीत.

पुढे सगळं विस्कटतं. १२०व्या पानावर एका पत्राने नायकावरचा संशय फिटतो, आणि तिथेच प्रेमातला ताणही संपतो. माझ्या मते खरी चूक हीच. खुनी तर थेट २४०व्या पानावर उगवतो. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९मध्ये रहस्यकथांसाठी घालून दिलेल्या दहा नियमांतला पहिलाच नियम आहे की गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर आला पाहिजे. शिवाय नायक सांगतो, 'चर्चगेटहून थेट डोंबिवली लोकल पकडली.' अहो, चर्चगेट पश्चिम रेल्वेवर आणि डोंबिवली मध्य रेल्वेवर, मध्ये दादरसारख्या ठिकाणी गाडी बदलावीच लागते! वाटलं, हीच थाप पुढे पकडली जाणार. पण नाही, ती लेखकाचीच चूक निघाली.

तर अशी कादंबरी सुचवा जिथे प्रियकरावरचा संशय शेवटच्या दोन-तीन प्रकरणांपर्यंत टिकतो आणि नायिका स्वतः पुरावे जुळवते. मूळ मराठी किंवा चांगला अनुवाद, दोन्ही चालेल. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात मिळणारी असेल तर फारच उत्तम. सुचवताना खुनी कोण ते मात्र कृपया लिहू नका.